फरागो : अर्थ, उगम आणि नेमका वापर

८ मे २०१७ रोजी खासदार शशी थरूर यांनी एका वृत्तवाहिनीवरील आरोपांना ट्विटरवरून उत्तर दिले आणि त्या उत्तरातील मजकुरापेक्षा त्यातील एका शब्दाचीच चर्चा अधिक झाली. विपर्यास, चुकीची मांडणी आणि निखालस असत्ये यांचा जो संतापजनक ढीग प्रेक्षकांपुढे ओतला जात आहे, त्याला त्यांनी ‘फरागो’ म्हटले होते. या शब्दाचा अर्थ शोधणाऱ्यांची संख्या एकाएकी वाढल्याची दखल ऑक्सफर्डच्या कोशकारांनीही घेतली. पुढे बराच काळ हा शब्द थट्टेचा विषय होता. थट्टा ओसरली आणि शब्द मात्र इथेच राहिला. आता तो स्पर्धा परीक्षांच्या इंग्रजी निबंधांत, कार्यालयीन ईमेलमध्ये आणि संपादकांना लिहिलेल्या पत्रांत अधूनमधून भेटतो, आणि पुष्कळदा चुकीच्या जागी भेटतो, कारण तो ‘मिश्रण’ एवढ्या एकाच अर्थाच्या आधाराने पाठ केलेला असतो.

मिश्रण हा या शब्दाचा अर्धाच अर्थ आहे. ज्या गोष्टी एकत्र यायला नको होत्या त्या कोणीतरी एकत्र कालवल्या आणि जणू सलग, सुसंगत मजकूर आहे अशा थाटात पुढे ठेवल्या, ही तक्रार त्याच्या उरलेल्या अर्ध्या अर्थात आहे. ही तक्रार करायची नसेल तर फरागो वापरू नये, आणि करायची असेल तर त्याच्याइतका नेमका शब्द इंग्रजीत सहसा सापडत नाही. खाली जे सांगितले आहे ते सर्व या एका भेदाभोवतीच फिरते.

गोठ्यातून आलेला शब्द

लॅटिन भाषेत ‘फार’ हे एका धान्याचे नाव होते. सांगली-साताऱ्याकडे पिकणारा आणि अलीकडे मधुमेहींच्या आहारामुळे शहरी दुकानांतही दिसू लागलेला खपली गहू ज्या जातीचा आहे, त्याच जातीचे, सहजी टरफल न सोडणारे हे धान्य. रोमन समाजात त्याला मोठा मान होता. तेथील उच्चकुलीनांच्या विवाहाचा सर्वांत पवित्र प्रकार याच धान्याच्या नावाने ओळखला जाई, कारण त्या विधीत या धान्याची भाकरी देवाला अर्पण होत असे. या ‘फार’पासूनच ‘फरागो’ बनला, मात्र त्याचा प्रवास लग्नमंडपाकडे न जाता गोठ्याकडे गेला.

वयाच्या ८० व्या वर्षी शेतीविषयी ग्रंथ लिहिणाऱ्या व्हॅरो या रोमन विद्वानाने फरागोची दिलेली माहिती अगदी शेतकऱ्याच्या तोंडची वाटते. सातू, वेलवर्गीय कडधान्ये आणि इतर शेंगवर्गीय पिके चाऱ्यासाठी एकत्र पेरायची आणि हिरवी असतानाच कापायची, म्हणजे फरागो तयार होतो. वसंतात घोड्यांना आणि इतर जनावरांना तो घातला की त्यांचे पोट साफ होते आणि अंग भरते, असे तो सांगतो. शब्दाची व्युत्पत्ती देताना मात्र तो दोन पर्याय पुढे ठेवतो : एक, हे पीक लोखंडी विळ्याने कापले जाते म्हणून लोखंडवाचक शब्दावरून हे नाव पडले, किंवा दोन, ते पहिल्यांदा ‘फार’च्या शेतात पेरले गेले म्हणून. आजचे भाषाभ्यासक दुसऱ्या बाजूचे आहेत. रोमन कवी व्हर्जिलनेही शेतीवरील आपल्या काव्यात घोड्याला आधी काबूत आणा आणि मगच हा पौष्टिक चारा भरपूर घाला, नाहीतर तो मस्तवाल होईल, असा व्यवहारी सल्ला दिलेला आहे.

म्हणजे मुळात फरागो ही निंदेची गोष्ट नव्हती. चारा उत्तम होता, जनावरे तो आवडीने खात, आणि त्यात काय काय मिसळले आहे हे निवडून पाहण्याची कोणाला गरज नव्हती. निंदा आली ती हा शब्द माणसांच्या लिखाणाला लागू झाल्यावर. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला जुव्हेनाल या उपरोधकाराने आपल्या पहिल्याच काव्यात जाहीर केले की नवस, भीती, राग, सुख, आनंद, धावपळ, माणसे जे जे काही करतात ते सारे माझ्या या छोट्या पुस्तकाचा फरागो आहे. येथे कवी स्वतःचीच थट्टा करत होता, हे लक्षात घेतले पाहिजे. आपले पुस्तक म्हणजे रोमच्या जगण्याचा मिश्र चारा आहे, असे तो हसत सांगतो. उपरोधाला इंग्रजीत असलेला ‘सटायर’ हा शब्दही नाना पदार्थांनी भरलेल्या ताटाच्या लॅटिन नावावरून आला असे मानले जाते, त्यामुळे जुव्हेनालने योजलेली प्रतिमा त्या साहित्यप्रकाराच्या नावाशीही जुळणारी होती. पुढे १७०९ मध्ये लेखक रिचर्ड स्टील यांनी लंडनमध्ये ‘द टॅटलर’ हे नियतकालिक सुरू केले तेव्हा सुरुवातीच्या अंकांवर बोधवाक्य म्हणून जुव्हेनालची हीच ओळ छापली जात असे.

इंग्रजीत हा शब्द त्याच्याही आधी, सतराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकानंतर, वापरात आला होता. आजच्या इंग्रजीत मात्र स्वतःवर हसण्याची ती छटा क्वचितच उरली आहे. फरागो म्हणायचे ते दुसऱ्याच्या लिखाणाला, भाषणाला, खुलाशाला किंवा सिद्धांताला.

आपल्याकडे या मूळ अर्थाच्या बराच जवळचा शब्द आहे आणि तो म्हणजे आंबोण. दुभत्या जनावरासाठी पेंड, सरकी, कोंडा, भरडा असे एकत्र भिजवून जे घमेल्यात कालवले जाते ते आंबोण. पण मराठीने हा शब्द गोठ्यातच ठेवला. कोणाच्या भाषणाला आपण आंबोण म्हणत नाही. मराठीत जनावराच्या अंगावरून साहित्यापर्यंत पोहोचलेला शब्द वेगळाच आहे, आणि त्याच्याकडे शेवटी यायचे आहे.

उच्चार आणि स्पेलिंग

या शब्दाचा भर दुसऱ्या अक्षरावर असतो : फ-रा-गो. पहिले अक्षर हलके, ‘फ’ असे उच्चारायचे. मराठी बातम्यांत दिसणारे ‘फॅरागो’ हे रूप केवळ स्पेलिंग पाहून केलेले असल्याने टाळावे. अमेरिकी उच्चारात मधले अक्षर ‘रे’ असेही ऐकू येते आणि तेही शुद्धच आहे. स्पेलिंगमध्ये आर दोनदा आणि जी एकदा येतो. नेमके उलटे लिहिणे, म्हणजे एक आर आणि दोन जी, ही चूक टाळावी. अनेकवचन केवळ एस लावूनही होते आणि ईएस लावूनही होते, कोश दोन्ही रूपे देतात; पण एकाच लेखात दोन्ही वापरू नयेत. तसे पाहिले तर अनेकवचनाची वेळ क्वचितच येते.

वाक्यात बसवताना

फरागो हे मोजता येणारे नाम आहे, त्यामुळे त्याच्यापूर्वी ‘अ’ हे उपपद येते आणि त्याच्यानंतर बहुतेक वेळा ‘ऑफ’ येते. या ‘ऑफ’च्या पुढे काय येते यावर वाक्याचे यश अवलंबून असते. तेथे अनेकवचनी नाम चालते, जसे ‘अ फरागो ऑफ हाफ-ट्रूथ्स’, किंवा मोजता न येणारे भाववाचक नाम चालते, जसे ‘अ फरागो ऑफ नॉन्सेन्स’. एकवचनी मोजता येणारे नाम तेथे चालत नाही. ‘अ फरागो ऑफ लाय’ हे चूक आणि ‘अ फरागो ऑफ लाइज’ हे बरोबर, कारण एका गोष्टीचे मिश्रण होत नसते. क्रियापद मात्र फरागोशी जुळवायचे, म्हणजे ते एकवचनी राहते : ‘अ फरागो ऑफ रूमर्स वॉज सर्क्युलेटेड’. मराठीतून विचार करताना ‘अफवा पसरवल्या गेल्या’ असे अनेकवचन मनात असते आणि हात आपोआप ‘वेअर’ लिहून जातो, त्यामुळे येथे दुसऱ्यांदा वाचून पाहणे आवश्यक आहे.

‘ऑफ’शिवायही हा शब्द उभा राहू शकतो. ‘द होल एक्स्प्लनेशन वॉज अ फरागो’ हे वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, परंतु ते लिहिण्याआधी स्पष्टीकरणात काय काय कालवले होते हे वाचकाला आधीच्या वाक्यांतून कळलेले असले पाहिजे. ते कळलेले नसेल तर हा शब्द नुसता जड शिवीसारखा वाटतो. माझ्या मते हीच या शब्दाची खरी परीक्षा आहे : ज्याला तुम्ही फरागो म्हणत आहात त्यातील निदान दोन-तीन परस्परविसंगत घटक तुम्हाला बोटावर मोजून दाखवता आले पाहिजेत. ते दाखवता येत नसतील तर तुम्हाला राग आला आहे एवढेच सिद्ध होते, आणि रागासाठी इंग्रजीत याहून सोपे शब्द आहेत.

विशेषणे लावायची झाली तर ती निषेधाच्या किंवा वैतागाच्या बाजूची असावीत : हास्यास्पद, कंटाळवाणा, गोंधळलेला, संतापजनक. ‘अ ब्युटिफुल फरागो’ किंवा ‘अ रिच फरागो’ असे लिहिले तर वाचक त्यात उपरोध शोधू लागतो. याच कारणाने नोकरीच्या अर्जात ‘आय ब्रिंग अ फरागो ऑफ स्किल्स’ असे लिहिणारा उमेदवार आपल्याच कौशल्यांची खिल्ली उडवतो, आणि ‘मुंबई इज अ फरागो ऑफ कल्चर्स’ असे कौतुकाने लिहिणारा निबंधकार, मुंबईत नाना जाती-धर्मांची माणसे एकमेकांशी न जुळता उगाच कोंबली आहेत, असे विधान करून बसतो. मुंबईबद्दल कोणाचे तसे खरेच मत असेल तर गोष्ट वेगळी.

वस्तूंसाठी हा शब्द शक्यतो वापरू नये. कपाटात साड्या, जुनी बिले, औषधांच्या पट्ट्या आणि दिवाळीच्या पणत्या एकत्र कोंबलेल्या असतील तर त्याला ‘जंबल’ किंवा ‘क्लटर’ म्हणावे. फरागो प्रामुख्याने बोललेल्या आणि लिहिलेल्या गोष्टींचा असतो : दावे, युक्तिवाद, आठवणी, सिद्धांत, बातम्या, खुलासे. त्याचप्रमाणे फसलेल्या कार्यक्रमाला फरागो म्हणू नये, त्याला ‘फियास्को’ म्हणतात. गुंतागुंतीच्या राजकीय किंवा कौटुंबिक भानगडीला ‘इम्ब्रोलिओ’ म्हणतात. आणि ‘व्हिरागो’ हा कानाला जवळचा वाटणारा शब्द तर कजाग स्त्रीसाठीचा जुना, आता टाळण्याजोगा शब्द आहे. फरागोचे क्रियापद नाही. काहीतरी ‘फरागो केले’ असे इंग्रजीत म्हणता येत नाही. विशेषण आहे, ‘फराजिनस’, त्यात जीचा उच्चार ‘ज’ होतो, कारण ते लॅटिन शब्दाच्या विभक्तीरूपावरून बनले आहे. पण ते इतके दुर्मीळ आहे की वापरणाऱ्याने ते मुद्दाम शोधून आणले हे वाचकाला लगेच कळते.

एक नमुना उलगडून पाहू

कुटुंबाच्या किंवा सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर फिरणाऱ्या मजकुराचा एक प्रातिनिधिक नमुना घ्या. त्यात चार ओळी आहेत. पहिली : ‘जन गण मन’ हे जगातील सर्वोत्तम राष्ट्रगीत असल्याचे युनेस्कोने जाहीर केले. दुसरी : नासाने दिवाळीच्या रात्री अवकाशातून टिपलेले भारताचे हे छायाचित्र पाहा. तिसरी : भारताचे मंगळयान पहिल्याच प्रयत्नात मंगळाच्या कक्षेत पोहोचले. चौथी : रोज गरम लिंबूपाणी प्या, कर्करोगाच्या पेशी मरतात. आणि शेवटी, खरा भारतीय असाल तर दहा जणांना पाठवा.

या ओळी एकेक करून पाहिल्या तर प्रत्येकीसाठी वेगळा इंग्रजी शब्द लागतो. पहिली ओळ रचलेली आहे. युनेस्कोने अशी घोषणा केल्याचे स्वतःच नाकारलेले आहे, त्यामुळे तिला ‘होक्स’ म्हणावे. दुसरी ओळ अधिक गमतीची आहे, कारण ते चित्र खोटे नाही. वेगवेगळ्या वर्षी उपग्रहांनी टिपलेल्या रात्रीच्या दिव्यांच्या नोंदी रंगांनी वेगळ्या करून, लोकवस्ती कशी पसरत गेली हे दाखवण्यासाठी अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी ते तयार केले होते. पांढरा रंग १९९२ पूर्वीपासून दिसणाऱ्या दिव्यांचा, तर निळा, हिरवा आणि लाल हे रंग अनुक्रमे १९९२, १९९८ आणि २००३ मध्ये नव्याने दिसू लागलेल्या दिव्यांचे. दिवाळीशी त्याचा काहीही संबंध नाही, आणि नासानेच २०१२ मध्ये तसा खुलासा केला आहे. तेव्हा ही ओळ ‘मिसरिप्रेझेन्टेशन’ ठरते, म्हणजे खऱ्या वस्तूची खोटी ओळख. तिसरी ओळ पूर्ण खरी आहे. २४ सप्टेंबर २०१४ रोजी ती घटना घडली. चौथी ओळ वैद्यकीय भाकडकथा आहे आणि आधीच्या तीन ओळींशी तिचा दुरूनही संबंध नाही.

आता या चारही ओळी देशप्रेमाच्या एकाच दोऱ्यात ओवून पाठवल्या जातात, तेव्हा जे तयार होते तो फरागो. तिसऱ्या ओळीतील खरेपणा उरलेल्या तीन ओळींना उधार मिळतो, आणि हे सारे एकाच दमात वाचले जात असल्याने कोणी थांबून निवडत नाही. व्हॅरोच्या घोड्यांनीही निवडले नव्हते. इंग्रजीत हे असे लिहिता येईल : ‘द मेसेज इज अ फरागो ऑफ इन्व्हेन्शन, मिसलेबल्ड पिक्चर्स अँड मेडिकल नॉन्सेन्स, विथ वन जेन्युइन फॅक्ट थ्रोन इन.’ या वाक्यात ‘ऑफ’नंतर तीन भिन्न प्रकारचे दोष आले आहेत आणि शेवटी त्यातील एकमेव खरी गोष्ट प्रामाणिकपणे वेगळी काढलेली आहे. मजकुरात केवळ युनेस्कोची ओळ असती तर फरागो हा शब्द अवाजवी ठरला असता.

थरूर यांच्या वाक्याची बांधणीही याच धर्तीची आहे. विपर्यास म्हणजे मूळ गोष्ट वाकवणे, चुकीची मांडणी म्हणजे ती भलत्याच चौकटीत ठेवणे, आणि निखालस असत्य म्हणजे मूळ गोष्टच नसणे. सौम्यापासून उग्राकडे चढत जाणारे तीन वेगळे आरोप ‘ऑफ’नंतर क्रमाने मांडलेले आहेत. शब्द अवघड असल्याबद्दल त्यांची जितकी चेष्टा झाली तितके लक्ष या चढत्या क्रमाकडे गेले नाही, ही खेदाची गोष्ट आहे, कारण नव्याने इंग्रजी लिहिणाऱ्याला त्यातून शब्दापेक्षा बांधणी अधिक शिकता येते.

शेजारचे शब्द आणि त्यांच्यातील भेद

समानार्थी शब्दांच्या कोशात फरागोच्या शेजारी डझनभर शब्द दाटीवाटीने बसवलेले असतात आणि त्यातील कोणताही उचलला तरी चालेल असा समज होतो. तसे करू नये. त्यांच्यापैकी बहुतेक शब्द स्वयंपाकघरातून आले आहेत आणि प्रत्येकाला आपापल्या भांड्याचा वास आहे.

सर्वांत वापरातला ‘हॉचपॉच’, अमेरिकेत ‘हॉजपॉज’. जुन्या फ्रेंचमधील ढवळलेल्या हंडीच्या नावावरून तो आला. अव्यवस्थित सरमिसळीसाठी तो बोलीत सर्रास चालतो आणि त्याला फरागोइतकी धार नाही. त्याचेच मूळ रूप ‘हॉचपॉट’ कायद्यात टिकून राहिले. इंग्लंडमध्ये वारसांना आधी मिळालेली मिळकत एकत्र धरून समान वाटणी करण्याला हा शब्द होता. आपल्याकडे वाटणीच्या दाव्यांत, एखाद्या सहदायकाने, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतील वाटेकऱ्याने, आपली स्वकष्टार्जित मिळकत एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मिसळली की नाही यावर वाद होतो तेव्हा ती ‘कॉमन हॉचपॉट’मध्ये टाकली किंवा नाही अशीच भाषा वकिलांच्या तोंडी असते. दिवाणी न्यायालयात हा शब्द ऐकणाऱ्या पक्षकाराने तो अपमान समजू नये. तेथे तो पूर्णपणे तटस्थ आहे.

‘गॅलिमॉफ्री’ हा फ्रेंच खिम्यासारख्या पदार्थावरून आलेला सोळाव्या शतकातील शब्द. १५७९ मध्ये इंग्रज कवी एडमंड स्पेन्सरच्या काव्यावर टिपा लिहिणाऱ्या भाष्यकाराने अशी तक्रार केली होती की, परक्या भाषांतील शब्द घेऊन घेऊन लोकांनी आपल्या इंग्रजीची गॅलिमॉफ्री आणि हॉजपॉज करून टाकली आहे. ही तक्रार आज मराठीबद्दल ऐकू येणाऱ्या तक्रारीसारखी वाटते, आणि ती करताना त्याने वापरलेले दोन्ही शब्द फ्रेंचमधून आलेले होते. आजच्या वापरात गॅलिमॉफ्री खेळकर आहे. एखाद्या प्रदर्शनात नाना तऱ्हेच्या गमतीशीर वस्तू असतील तर तो शोभतो.

‘सॅल्मागंडी’ हे मांस, खारवलेले मासे, अंडी, कांदे अशा जिन्नसांच्या ताटाचे नाव. या शब्दात विविधतेची मजा आहे, आणि अमेरिकी लेखक वॉशिंग्टन आयर्व्हिंग यांनी १८०७ मध्ये आपल्या विनोदी नियतकालिकाला हेच नाव दिले होते. ‘पॉपुरी’चा शब्दशः अर्थ कुजके भांडे असला, तरी आता त्यातून सुगंधी वाळलेल्या पाकळ्याच आठवतात, त्यामुळे गाण्यांच्या किंवा लेखांच्या प्रसन्न संग्रहाला तो चालतो. ‘ऑम्नियम-गॅदरम’ हा गमतीने बनवलेला खोटा लॅटिन शब्द आहे. त्यातील पहिला भाग खरा लॅटिन, ‘सर्वांचे’ या अर्थाचा. दुसरा भाग चक्क इंग्रजी ‘गॅदर’ला लॅटिन शेपूट लावलेला. यांच्यातला फरक शिष्टाचाराचाही आहे : मित्राच्या लेखसंग्रहाला सॅल्मागंडी म्हटले तर तो हसेल, फरागो म्हटले तर बोलणे बंद करील. ‘मिशमॅश’ तेवढा दोन्हीकडे चालतो, पण गंभीर लेखनात हलका पडतो.

जाता जाता, खिचडी इंग्रजीत ‘केजरी’ होऊन गेली ती मासे, अंडी आणि भाताच्या न्याहारीचे नाव म्हणून. आपण ‘खिचडी सरकार’ म्हणताना जो अर्थ त्यात घालतो तो तिकडे पोहोचला नाही.

मराठीत आणताना

भाषांतर करणाऱ्याला फरागोसाठी एकच ठरावीक प्रतिशब्द देता येणार नाही, कारण मराठीत सरमिसळीचे शब्द कशाची सरमिसळ झाली आहे यावरून बदलतात. ‘कडबोळे’ हा वृत्तपत्रांचा लाडका शब्द पक्षांच्या आघाडीला चांगला बसतो, मात्र असत्यांचे कडबोळे म्हटले की खटकते. ‘आवळ्याची मोट’ ही न टिकणाऱ्या माणसांच्या युतीसाठी आहे. तिच्यात फुटण्याची सूचना आहे, फसवणुकीची नाही. ‘गोपाळकाला’ तर कधीच वापरू नये, कारण त्या सरमिसळीत भाव समतेचा आणि प्रसादाचा आहे. ‘भारूड’ आणि ‘चऱ्हाट’ लांबीबद्दल तक्रार करतात, भेसळीबद्दल नाही. भाषेच्या सरमिसळीला पूर्वी बिनदिक्कत वापरला जाणारा एक शब्द जातिवाचक हिणवणीतून आलेला आहे, तो वगळलेलाच बरा.

मजकुराच्या सरमिसळीसाठी मला सर्वांत जवळचा वाटतो तो ‘खोगीरभरती’. घोड्याच्या खोगिरात हाताला येईल ते चिंध्या-गवत भरून त्याला आकार आणायचा, यावरून निरुपयोगी गोष्टींनी जागा भरून काढणे हा अर्थ रूढ झाला. फरागो घोड्याच्या पोटात जाणारा आणि खोगीरभरती त्याच्या पाठीवर चढणारी, म्हणजे दोन्ही शब्द एकाच जनावरापासून निघाले आहेत. पण खोगीरभरतीत आळस आणि पोकळपणा अधिक दिसतो, लबाडी कमी. म्हणून ‘अ फरागो ऑफ इर्रेलेव्हंट डिटेल्स’ असे असेल तर ‘बिनसंबंधाच्या तपशिलांची खोगीरभरती’ हे भाषांतर उत्तम बसते. ‘अ फरागो ऑफ लाइज’ असेल तर मात्र बसत नाही. तेथे ‘असत्यांची भेसळ’ असेही म्हणू नये, कारण भेसळ म्हणताना मूळ वस्तू शुद्ध होती असे गृहीत धरले जाते आणि फरागोत तशी हमी नसते. अशा वेळी नामाचा हट्ट सोडून क्रियापदाकडे वळावे : ‘नाना प्रकारची असत्ये एकत्र कालवून हा मजकूर तयार केला आहे.’ ‘कालवणे’ या क्रियापदात घमेल्यातला हात दिसतो आणि कालवणारा कोणीतरी आहे हेही सुचते, जे फरागोच्या तक्रारीत नेहमीच गृहीत असते.

थरूर यांचे ते शब्द मराठीत आणायचे झाले तर मी असे आणीन : ‘विपर्यास, चुकीची मांडणी आणि निखालस असत्ये यांचे संतापजनक कालवण’. कालवण म्हटले की कोकणातल्या वाचकाला माशांची आमटी आठवेल आणि संतापाचा जोर जरा कमी होईल, हे मान्य आहे. तेवढ्यासाठी ‘कालवाकालव’ हा पर्याय हाताशी ठेवावा, पण तो पोटातल्या किंवा मनातल्या अस्वस्थतेसाठीही वापरला जात असल्याने त्याच्यापुढे असत्यांची यादी स्पष्ट लिहिणे भाग आहे. संपादकाला दोन्ही नको असतील तर ‘संतापजनक सरमिसळ’ लिहून द्यावे. त्यात अर्थ पोहोचतो आणि घोड्याचा चारा सुटतो. मूळ इंग्रजी शब्दच देवनागरीत ठेवून पुढच्या वाक्यात त्याचा अर्थ उलगडणे हाही मार्ग आहे. शब्दाचीच बातमी झालेली असते तेव्हा, २०१७ मध्ये झाली होती तशी, तोच घ्यावा.